भट्टीपुढच्या माणसाची चाचणी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून आणि पाठोपाठ आपल्या कोल्हापूरच्या शेजारच्या, सांगलीजवळच्या कुपवाडमधून मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. अमली पदार्थ ही मुंबई-गोव्याची भानगड आहे, अशी आपली जी समजूत होती ती तेव्हा संपली. तेव्हापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखानदारीत एक मागणी अधूनमधून डोके वर काढते : कामगारांची आणि चालकांची सरसकट ड्रग टेस्ट करा, जो सापडेल त्याला घरी पाठवा. गळीत हंगामात उसाच्या एखाद्या ट्रॅक्टरखाली दुचाकीस्वार सापडला की ही मागणी आणखी चढ्या आवाजात होते. तिला उत्तरही ठरलेले असते : कामगार म्हणजे काय गुन्हेगार आहेत? एक बाजू सुरक्षिततेचे नाव घेते, दुसरी सन्मानाचे. चाचणी नेमके काय मोजते, कोणाची व्हायची आणि निकाल आल्यावर त्या माणसाचे काय करायचे, हे प्रश्न दोघेही बाजूला ठेवतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या कामात एकाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, त्या कामावर नशेची चाचणी घेणे न्याय्य आहे आणि तिला सरसकट विरोध करणाऱ्यांची बाजू मला लंगडी वाटते. मात्र ती चाचणी कामाच्या वेळच्या क्षमतेशी बांधलेली हवी, साहेबापासून ठेकेदाराच्या माणसापर्यंत सारखी लागू हवी आणि तिचा निकाल पुन्हा तपासून घेण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. आज ज्या स्वरूपात ती मागितली जाते त्या स्वरूपात ती अन्याय्य आहे, आणि अपघात टाळण्याच्या कामीही तिचा उपयोग बेताचाच आहे.

जोखमीचे काम कोणते, हे ठरवण्यापासूनच घोळ सुरू होतो. शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीत रात्रपाळीला हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची एक खेप, तयार होते, तेव्हा चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले बीड (ओतीव लोखंड) फर्नेसमधून, म्हणजे भट्टीतून, लॅडल नावाच्या मोठ्या बादलीत ओततात. लॅडल क्रेनला टांगलेले असते. एकाच्या हातात क्रेनची बटणे, दुसरा लॅडलचे चाक फिरवून धार मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, तोंडावर धरतो, तिसरा धातूवर तरंगणारा मळ (स्लॅग) मागे ओढतो. मोल्डमध्ये ओल राहिली असेल किंवा लॅडल पुरते तापवून वाळवलेले नसेल तर धातू उसळतो. बटणावरचे बोट क्षणभर उशिरा उचलले गेले तर धार मोल्डऐवजी माणसाच्या पायावर येते, आणि तो पाय बहुधा बटण दाबणाऱ्याचा नसतो. याच आवारात पॅकिंगला बसलेला माणूस आहे, हिशेब लिहिणारा आहे, गेटवर नोंदवही सांभाळणारा आहे. त्यांच्या हातून चूक झाली तर नुकसान होईल, जीव जाणार नाही. या दोन गटांत फरक न करता ‘सगळ्यांची टेस्ट’ म्हणणाऱ्याच्या मनात सुरक्षितता नसून शिस्त असते, असा संशय घ्यायला जागा आहे. शिस्तीची गरज मी नाकारत नाही. पण तिच्यासाठी कोणाच्या लघवीचा नमुना मागण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही.

चाचणीच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करायलाच हवा. एखाद्याने आपल्या घरी, आपल्या पैशाने, आपल्या शरीराचे काय करावे हा त्याचा प्रश्न म्हणता येतो. परंतु लॅडलखाली उभ्या असलेल्या सोबत्याने किंवा गगनबावड्याच्या घाटातून उतरणाऱ्या एसटीतल्या प्रवाशाने त्या जोखमीला होकार दिलेला नसतो. ४ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत मेरिलँडमधील चेस येथे जोडून चाललेली मालगाडीची इंजिने थांब्याचा सिग्नल ओलांडून एका वेगवान प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ जण मरण पावले. इंजिनवरच्या दोघांनी गांजा ओढला होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या चाचण्या वैध ठरवल्या आणि १९९१ च्या कायद्याने वाहतुकीच्या इतर क्षेत्रांतही त्या सक्तीच्या झाल्या. मेलेल्या सोळा जणांच्या कुटुंबांना चालकाच्या खासगीपणाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी दरवर्षी किमान १० टक्के जणांची अचानक चाचणी बंधनकारक केली आहे. उजळाईवाडीहून विमानाने जाणाऱ्या कोणालाही त्यात वावगे वाटणार नाही.

विरोधकांचा ‘अपमान’ हा मुद्दाही म्हणूनच टिकत नाही. रेल्वेचा लोको पायलट (इंजिनचालक) क्रू लॉबीत, म्हणजे हजेरीच्या खोलीत, कामावर हजर होताना आणि काम संपवताना श्वासाच्या यंत्रात फुंकर मारतो. नवा असो वा निवृत्तीला टेकलेला, सर्वांनाच ते करावे लागते, आणि सर्वांना करावे लागते म्हणूनच त्यात कोणाचा अपमान होत नाही. अपमान चाचणीने होत नाही, निवडून केलेल्या चाचणीने होतो. खासगीपणाच्या हक्काचा दाखला देणाऱ्यांनी २०१७ चा पुट्टस्वामी निकाल अर्ध्यावर सोडू नये. नऊ न्यायमूर्तींनी तो हक्क मूलभूत ठरवला हे खरे. पण तो अमर्याद आहे असे म्हटले नाही. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही त्यातच आहे. तो निकाल मुख्यतः शासनाला बांधतो, खासगी फौंड्रीच्या मालकाला थेट नाही, असा तांत्रिक आक्षेप कोणी घेईल. घेऊ दे. न्याय्य काय आहे हे ठरवताना त्याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही.

त्या कसोटीतला ‘प्रमाण’ हा शब्द मात्र सरसकट चाचणी मागणाऱ्यांच्या गळ्यात अडकतो. दारू आणि इतर नशा यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो आपल्या कायद्यानेच ओळखलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दारूसाठी आकडा आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. अमली पदार्थांसाठी तिथे आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतपत अंमल असला पाहिजे, अशी अट आहे. कारण साधे आहे. श्वासातली दारू आत्ताची अवस्था सांगते. लघवीची चाचणी बहुतेक वेळा पदार्थ शरीराने पचवून टाकल्यावर उरलेले अवशेष पकडते. कोकेन किंवा अफूजन्य पदार्थांचे अवशेष साधारण दोन-तीन दिवस सापडतात. गांजाचे चरबीत साठतात आणि नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही उतरत राहतात. म्हणजे चाचणी ‘याने कधीतरी घेतला होता’ एवढेच सांगते. आज रात्री दहाच्या पाळीला क्रेनची बटणे त्याच्या हाती द्यावीत की नाही, हे ती सांगत नाही.

लंडनच्या कॅनन स्ट्रीट स्थानकात ८ जानेवारी १९९१ रोजी लोकल गाडी न थांबता बफरवर आदळली. दोघे मेले, पाचशेहून अधिक जखमी झाले. चालकाचा नमुना घेतला गेला तो तीन दिवसांनी, आणि त्यात गांजाचे अंश सापडले. पण त्या अंशांवरून धडकेच्या क्षणी तो नशेत होता असे चौकशीला ठामपणे म्हणता आले नाही. लोकांचा संताप अनावर होता, १९९२ मध्ये त्यावर कायदाही झाला. तरी मूळ प्रश्नाचे उत्तर त्या नमुन्याने दिले नाही ते नाहीच. उशिरा घेतलेली चाचणी निर्दोष माणसाला अडकवते, तशीच खऱ्या दोषी माणसालाही संशयाचा फायदा मिळवून देते, हे चाचणीच्या कैवाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

कोल्हापूरसारख्या कुस्तीच्या गावात या चर्चेत हमखास पुढे येणारा एक युक्तिवाद आहे. ‘पैलवानाच्या लघवीत अंश सापडला तर तो खेळातून बाद होतो, मग कामगाराला वेगळा न्याय का?’ युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या दारातून परत आला. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी पदार्थ मिसळला, हे त्याचे म्हणणे आपल्या देशातल्या यंत्रणेने मान्य केले, पण क्रीडा लवादाने केले नाही आणि चार वर्षांची बंदी बसली. खेळाच्या नियमात अंश सापडणे हाच गुन्हा असतो. तो कसा आला हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो. हा नियम कठोर असला तरी त्यामागे तर्क आहे : आखाड्यात समोर उभ्या असलेल्या पैलवानाशी बरोबरी राखायची आहे, आणि तीन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या पदार्थाने कमावलेली ताकद आजही अंगात असते. फौंड्रीत कोणाशी बरोबरी राखायची आहे? तिथे हवी असते ती या क्षणाची सावधानता. तीन आठवड्यांपूर्वीच्या चिलमीने ती आज कमी झालेली असेलच असे नाही, आणि जिथे झालेली असेल तिथे ती सरळ मोजता येते. एका हेतूसाठी घडवलेला नियम दुसऱ्या हेतूला लावला की तो नुसता जाच उरतो.

त्यातही गांजाची गोष्ट आपल्या देशात जास्तच गुंतागुंतीची आहे. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजाच्या प्रश्नावर आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी नोंदवून त्याने निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी योग्य ठरणार नाही. पुढे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा झाला तेव्हाही गांजाच्या व्याख्येतून झाडाची पाने आणि बिया, शेंड्याशिवाय असतील तर, वगळल्या गेल्या आणि भांगेचा विषय राज्यांच्या परवान्यांवर सोडला गेला. म्हणजे परवाना असलेल्या ठिकाणी महाशिवरात्रीला भांग प्यायलेला माणूस त्या केंद्रीय कायद्याचा गुन्हेगार नाही. मात्र पुढच्या आठवड्यात त्याच्या नमुन्यात उतरणारे अवशेष पानाचे की शेंड्याचे, हे यंत्राला कळत नाही. अशा माणसाला कोणत्या कारणाने कामावरून काढायचे? त्याने सुटीच्या दिवशी केलेल्या गोष्टीसाठी?

आता आपल्या ताटाकडे येऊ. पांढऱ्या रश्श्यात खसखस असते, तालमीतल्या थंडाईतही असते. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि तिला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असतो. धुतल्याने आणि शिजवल्याने तो कमी होतो, पण मर्यादा फारच खाली ठेवली तर खाणारा माणूस अफूबाज ठरू शकतो. अमेरिकेत नेमके हेच होऊ लागले, म्हणून १९९८ मध्ये तिथल्या सरकारी चाचण्यांतली अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेण्यात आली. तिकडे लोक खसखस पावावर भुरभुरून खातात, आपण वाटून रश्श्यात घालतो. आपल्याकडच्या कोणत्याही कारखान्याने बाजारातून लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणताना त्यावरची मर्यादा किती आहे, हे वाचलेले असते का? खोकल्याच्या औषधातले कोडीन, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या यांचीही तीच कथा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने लोको पायलटांना ड्यूटीआधी होमिओपॅथीची औषधे, शीतपेये, शहाळ्याचे पाणी, काही जातींची केळी असे बरेच काही वर्ज्य करणारा आदेश काढला होता, कारण श्वासाच्या यंत्रावर वारंवार दारूची नोंद येत होती. टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला. यंत्र शंकास्पद आहे की केळे, हे ठरवण्याऐवजी माणसाच्या खाण्यावरच बंदी घालण्याचा मोह प्रशासनाला किती सहज पडतो, त्याचा यापेक्षा बोलका नमुना मिळणार नाही.

‘एखाद-दुसरा निर्दोष अडकला तरी चालेल, जीव तर वाचतील’, असे ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी थोडे गणित करावे. समजा, एक हजार कामगारांपैकी २० जण खरोखर नशा करतात. पट्टी नशा करणाऱ्या शंभरातल्या ९५ जणांना पकडते आणि न करणाऱ्या शंभरातल्या तिघांना चुकून दोषी दाखवते, असे धरू. वीसपैकी १९ सापडतील. उरलेल्या ९८० पैकी सुमारे २९ जणही ‘पॉझिटिव्ह’ येतील. म्हणजे बोट दाखवलेल्या ४८ जणांत निर्दोष बहुसंख्य. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, पण हिशेबाचा कल असाच राहतो : दोषी जितके कमी, तितके चुकून अडकलेल्यांचे प्रमाण जास्त. म्हणूनच विमान क्षेत्रात पट्टीवर भागवत नाहीत. पहिला निकाल प्रयोगशाळेतल्या अधिक काटेकोर यंत्रावर पक्का करून घेतात आणि मगच पुढची पावले उचलतात. ठेकेदाराच्या माणसाच्या वाट्याला हा दुसरा टप्पा येतच नाही. त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगितले जाते, तेही तोंडी. आणि गंमत अशी, की ज्या मेफेड्रोनच्या भीतीने ही सारी चर्चा सुरू झाली, ते साध्या पट्टीवर भरवशाने उमटतही नाही.

नमुना सांभाळण्याचा प्रश्न तर वेगळाच. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातल्या मोटार अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. जिथे पोलीस, न्यायालय आणि सगळ्या महाराष्ट्राचे डोळे लागलेले असतात तिथे असा आरोप होऊ शकतो, तर कारखान्याच्या वेळ-कार्यालयातल्या टेबलावर नाव लिहिलेल्या डबीचा भरवसा कोणी द्यायचा? सुपरवायझरशी ज्याचे काल भांडण झाले त्याची डबी आणि सुपरवायझरच्या भाच्याची डबी शेजारी शेजारी ठेवलेली असते.

निकालाचा अर्थ लावण्याची संधी कोणाला मिळते, यातही समाजाची उतरंड दिसते. मुंबई राज्यात दारूबंदी असताना, १९५१ मध्ये, मुंबईच्या प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्याला तिघांना धडक दिली. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. आपण औषधी टॉनिक घेतले होते आणि त्यात मद्यार्क होता, हा त्याचा बचाव. पेसिकाका खटला म्हणून गाजलेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दारूबंदी कायद्याखालची त्याची शिक्षा रद्द झाली. घेतलेला पदार्थ निषिद्धच होता हे सरकारने सिद्ध करायला हवे, असे बहुमताने ठरले. निकाल मला योग्यच वाटतो. पण तो मिळवायला अधिकाऱ्याचे पद, वकील आणि काही वर्षांचा धीर लागला. कागलच्या वसाहतीत ठेकेदारामार्फत लागलेल्या, बिहारहून आलेल्या मुलाने ‘खोकल्याचे औषध घेतले होते’ म्हटल्यावर त्याचे कोण ऐकून घेणार आहे?

धाकाच्या मुद्द्याला मात्र मी मान देतो. चाचणी कधी होईल हे ठाऊक नसेल तर माणूस सावध राहतो, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि चाचणीच्या बाजूचा हा खरा व्यावहारिक आधार आहे. फक्त धाक कोणत्या दिशेने ढकलतो तेही पाहायला हवे. लघवीतून गांजा काही आठवडे सापडतो आणि दारू काही तासांत नाहीशी होते, हे कामगारांना कोणी शिकवावे लागत नाही. ज्या धाकाने माणूस चिलीम टाकून देशीच्या दुकानात जातो, त्या धाकाने भट्टीपुढची जागा सुरक्षित होत नाही. आपल्या जिल्ह्यात अपघाताच्या दृष्टीने आजही सर्वांत मोठी नशा दारूचीच आहे, आणि तिच्यासाठी श्वासाचे यंत्र पुरते. ते स्वस्त आहे, लगेच निकाल देते, आत्ताची अवस्था मोजते आणि कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावत नाही. सरसकट ड्रग टेस्टची मागणी करणाऱ्या किती कारखान्यांत पाळी बदलताना हे यंत्र वापरले जाते? आधी तेवढे तर करावे.

याहून अवघड प्रश्न थकव्याचा आहे, आणि इथे मालकवर्ग एकदम गप्प होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या कामात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो. २४ तासांनंतर ही तुलना ०.१० टक्क्यांपर्यंत जाते. आपली कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. आता उसाच्या ट्रॅक्टरवरचा चालक पाहा. दुपारी फडात दोन ट्रॉल्या भरून होतात, संध्याकाळी तो कारखान्यावर येतो, ऊस रिकामा करायच्या गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंत रात्र उलटते. गाडी रिकामी झाली की पुन्हा फड, कारण मोबदला खेपेवर आणि टनावर आहे, तासावर नाही. झोप येऊ नये म्हणून टेप मोठ्याने लावलेला, तोंडात मावा, मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही. या माणसाची लघवी तपासली तर ती बहुधा स्वच्छ निघेल. तो शुद्धीत आहे असे प्रमाणपत्र देऊन आपण त्याला पुन्हा रस्त्यावर सोडायचे का? मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ सालीच कायद्यात आली. ऊस वाहतुकीच्या वाटेला ती कधी फिरकली नाही.

‘नशा मोजता येते, थकवा मोजता येत नाही’, हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण थकव्याचा निम्मा पुरावा कारखान्याच्या हजेरीपटावरच असतो. डबल ड्यूटी कोणी केली, आठवड्यात किती रात्री केल्या, सुटी कधी घेतली, हे मालकाला कोणतीही डबी न भरता कळते. उरलेल्या निम्म्यासाठी प्रतिसादाचा वेळ मोजणाऱ्या पाच-दहा मिनिटांच्या चाचण्या उपलब्ध आहेत, आणि त्या दारू, गोळी, जागरण, ताप असा भेद न करता आज हात चालतो की नाही तेवढेच सांगतात. मग त्या कोणी मागत का नाही? कारण थकवा मोजला की बोट पाळी लावणाऱ्याकडे वळते. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाज खडकावर चढले, तेव्हा जगभर चर्चा झाली ती कप्तानाच्या दारूची. अधिकृत चौकशीने त्याच्या मद्यपानाला दोष दिलाच. पण त्याच यादीत, त्याच्याही आधी, सुकाणूची जबाबदारी असलेल्या तिसऱ्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा बोजा होता, आणि विश्रांती मिळालेले पुरेसे खलाशी न पुरवल्याचा ठपका कंपनीवर होता. अमेरिकेतल्या चेसच्या रेल्वे अपघातातही इंजिनमधली इशारा देणारी शिट्टी चिकटपट्टी लावून दाबलेली आढळली होती. गांजा लक्षात राहिला, चिकटपट्टी विसरली गेली.

न्याय्य चाचणीचे तत्त्व बाहेरून आणण्याची गरज नाही. ते मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगून ठेवले आहे. एका सार्वजनिक महामंडळात हंगामी मजूर असलेल्या माणसाला एचआयव्हीची बाधा आढळली म्हणून त्याचे नाव यादीतून कमी केले गेले होते. न्यायालयाने म्हटले की तो काम करण्यास सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ चाचणीच्या निकालावरून रोजगार नाकारणे मनमानी आहे. प्रकरण आजाराचे होते, नशेचे नव्हते, आणि नशेत निवडीचा भाग असतो हा फरक मी पुसून टाकत नाही. तरी सक्षमता आणि इतरांना धोका या दोन प्रश्नांखेरीज तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार मालकाला नाही, हे तत्त्व इथेही जसेच्या तसे लागू पडते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका कागद कारखान्याच्या प्रकरणात आणखी एक पायरी जोडली : कामाची जागा धोकादायक आहे एवढ्यावर अचानक चाचण्या लादता येत नाहीत, तिथे नशेची समस्या खरोखर आहे याचा पुरावा हवा. पंधरा वर्षांत नोंदलेल्या आठ घटना त्या न्यायालयाला पुरेशा वाटल्या नाहीत. मी इतका ताणणार नाही. वितळलेल्या धातूशेजारी आठ घटना मला पुष्कळ वाटतात. परंतु आपल्याकडे नोंदच नसते, हा खरा पेच आहे; थोडक्यात टळलेला अपघात कोणी लिहूनच ठेवत नाही, मग पुरावा येणार कुठून?

म्हणून कोल्हापुरात हे करायचेच असेल तर गोशिमा, स्मॅक यांसारख्या उद्योजकांच्या संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून कराराच्या स्वरूपात करावे. क्रेन, फर्नेस, बॉयलर, जड वाहने अशी जोखमीची कामे नावानिशी ठरवावीत. पाळीच्या सुरुवातीला श्वासाची चाचणी त्या कामावरच्या प्रत्येकाची व्हावी. इतर पदार्थांची चाचणी अपघातानंतर लगेच, किंवा दोघांनी लेखी नोंदवलेल्या लक्षणांवरून, किंवा सोडत काढून व्हावी. आणि शक्य तिथे लाळेचा नमुना घ्यावा, कारण तो लघवीपेक्षा अलीकडच्या सेवनाबद्दल सांगतो. सोडतीत त्या पाळीचा सुपरवायझर, उत्पादन व्यवस्थापक आणि शॉपफ्लोअरवर येणारा मालक यांचीही नावे असावीत. ओल्या लॅडलमध्ये धातू ओतायला सांगणारा माणूस ओतणाऱ्यापेक्षा कमी जोखमीचा नसतो. पहिला निकाल पॉझिटिव्ह आला तर त्या दिवसापुरते काम बदलावे, पगार कापू नये, आणि पक्का निकाल व डॉक्टरांशी बोलणे झाल्याशिवाय कागदावर काहीही चढवू नये. व्यसन निघालेच तर आधी उपचार. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देण्याची तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे, मग कारखान्याचा नियम देशाच्या कायद्याहून कडक कशाला हवा? उपचारानंतरही जो नशेत भट्टीपुढे उभा राहील त्याला त्या कामावरून हटवण्यास माझा काही विरोध नाही, आणि कामगार संघटनांनीही तो करू नये.

खर्चाची अडचण खरी आहे. वीस-पंचवीस माणसांच्या फौंड्रीला प्रयोगशाळेचा दर परवडणार नाही, हे उद्योजक म्हणतात ते खोटे नाही. पण जोखमीची कामे मोजकी ठरवली की माणसे थोडी उरतात, सोडतीने आणखी थोडी, आणि साऱ्या वसाहतीने मिळून एकाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी दर ठरवला तर तो निश्चितच उतरेल. नमुना दोन सीलबंद भागांत ठेवावा आणि कामगाराने मागितल्यास दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत तपासला जावा. त्याचा खर्च कामगाराच्या पगारातून वळता करण्याची पळवाट करारात राहू देऊ नये, कारण पहिला नमुना त्याच्याकडे मालकाने मागितलेला असतो.